देवाचे अभिवचन कसे वाचावे, वाट कशी पाहावी

मनमाडकरांना आश्वासनेही ओळखीची आणि वाट पाहणेही. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाची मागणी गावाने कित्येक निवडणुकांत ऐकली. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली ती २ सप्टेंबर २०२४ रोजी, १८,०३६ कोटी रुपयांचा खर्च धरून. पाण्याचीही तीच गत. वागदर्डी धरण आटू लागले की नळ आता कितव्या दिवशी येणार, हा घरोघरीचा प्रश्न होतो आणि करंजवण धरणाच्या पाण्याची चर्चा सुरू होते. पिंप, हंडे, टाकी भरून ठेवल्याशिवाय जिथे घरातल्या बाईला स्वस्थ झोप लागत नाही, तिथे ‘नक्की मिळेल’ या शब्दांवर कुणी लगेच विसंबत नाही.

आणि इथलेच ख्रिस्ती कुटुंब दर आठवड्याला आराधनेत बसून देव वचनाचा पक्का आहे, असे मोठ्याने म्हणते. महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री जागरणाची उपासना होते. घड्याळात बारा वाजले की प्रत्येक जण शास्त्रातल्या एका वचनाची चिठ्ठी उचलतो. ती चिठ्ठी वर्षभर बायबलमध्ये, पाकिटात नाहीतर फ्रिजच्या दारावर राहते. जूनपर्यंत तिच्यातले काही घडले नाही, तर मन दोहोंपैकी एका बाजूला झुकते. कुणाला वाटते, आपलाच विश्वास कमी पडला. कुणाला वाटते, देव विसरला. चिठ्ठीवरचा तो मजकूर मुळात कुणाला, कधी आणि कशाविषयी सांगितला होता, हे मात्र फारसे कुणी उघडून पाहत नाही. अभिवचनांबाबतची निम्मी निराशा इथे सुरू होते आणि ती टाळता येण्याजोगी आहे.

देव विश्वासू, हे कशावरून?

बायबल देवाच्या विश्वासूपणाची नुसती स्तुती करत नाही, घडलेल्या घटना समोर ठेवते. अब्राहामाला संततीचे वचन मिळाले आणि तो हारानाहून निघाला, तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. मधल्या २५ वर्षांत अब्राहाम आणि सारा यांचा धीर सुटला. त्यांनी साराची दासी हागार हिच्याकडून स्वतःच तोडगा काढला आणि त्या घाईचे भांडण घरात कायमचे राहिले. तरी देवाने आपला शब्द मागे घेतला नाही.

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात या वचनाचा करार होतो. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कापलेल्या पशूंचे भाग समोरासमोर मांडले जात आणि करार करणारे त्यांमधून चालत जात. शब्द मोडणाऱ्याची गत या पशूंसारखी होवो, असा त्याचा अर्थ. इथे अब्राहाम गाढ झोपेत आहे. धुमसती शेगडी आणि जळती मशाल यांच्या रूपाने देव एकटाच त्या भागांमधून जातो. कराराचा सगळा भार त्याने स्वतःवर घेतला. ख्रिस्ती श्रद्धेला हा प्रसंग मोलाचा वाटतो तो यासाठीच. देवाचा शब्द टिकतो तो माणसाच्या विश्वासाच्या मापावर नव्हे, देवाच्या स्वभावावर. पौलाने तीमथ्याला लिहिले तेही याच अर्थाचे: माणूस अविश्वासू झाला तरी देव विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही.

पुढे यहोशवाच्या पुस्तकात देशाची वाटणी पुरी होते, तेव्हा लेखक थांबून हिशेब करतो आणि इस्राएलाला दिलेल्या चांगल्या वचनांतले एकही वाया गेले नाही, अशी नोंद करतो. नव्या करारात पौल करिंथकरांना सांगतो की देवाच्या सगळ्या अभिवचनांना ख्रिस्तात होकार मिळाला आहे. म्हणून ख्रिस्ती माणूस एखादे जुने वचन हाती घेतो, तेव्हा ते येशूच्या जीवनाशी, क्रुसाशी आणि पुनरुत्थानाशी कसे जोडलेले आहे, हे त्याला पाहावेच लागते.

पण विश्वासू म्हणजे चटकन देणारा, असा अर्थ यातून निघत नाही. योसेफाने स्वप्न पाहिले तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. मधली १३ वर्षे खड्डा, गुलामगिरी, खोटा आळ आणि तुरुंग यांत गेली.

चार प्रश्न विचारल्याशिवाय चिठ्ठी भिंतीवर लावू नये

रेल्वेचे आरक्षण कुणाच्या नावावर, कोणत्या तारखेचे आणि कुठून कुठपर्यंत, हे न पाहता मनमाडचा माणूस डब्यात चढत नाही. अभिवचन वाचतानाही तेवढीच काळजी घ्यावी.

पहिला प्रश्न: हे कुणाला सांगितले? भविष्य आणि आशा यांविषयीचे यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातले अकरावे वचन मराठी ख्रिस्ती घरांत फार आवडते आहे. लग्नपत्रिकेवर, कॅलेंडरवर, दहावीच्या निकालाच्या शुभेच्छांत ते दिसते. ते मुळात यरुशलेमेतून पकडून बाबेलला नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातले आहे.

दुसरा प्रश्न: मुदत किती? त्याच्या अगदी वरच्या, दहाव्या वचनात मुदत दिलेली आहे, ७० वर्षे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांचे मरण बाबेलमध्येच होणार होते. मग त्यांनी करायचे काय? तेही त्याच पत्रात आहे: घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या शहरात कैदी होऊन आलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांतच सुटका होईल. आपले म्हणणे ठसवायला तो यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू मोडतो. लोकांना हनन्या आवडला असणार, कारण त्याची तारीख जवळची होती. ती खोटी निघाली आणि हनन्या त्याच वर्षी मरण पावला.

हनन्याचे वारस आजही भेटतात. एवढे दान द्या, तीन महिन्यांत दुप्पट होईल. अमुक तेल लावा, औषध बंद करा. या वर्षी घरात सरकारी नोकरी येणारच. अशा बोलण्यासाठी अनुवादाच्या अठराव्या अध्यायात साधी कसोटी आहे: देवाच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते देवाने सांगितलेले नव्हते. असे भाकीत ऐकले की ते सांगणाऱ्याचे नाव, तारीख आणि नेमके शब्द लिहून ठेवावेत. पैसा देण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाशी आणि आपल्या पाळकाशी बोलावे.

तिसरा प्रश्न: अट आहे का? नोहाला दिलेल्या वचनाला अट नाही. पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश होणार नाही, एवढेच ते सांगते आणि माणूस चांगला वागो की वाईट, ते टिकते. याउलट देश बरा करण्याविषयी शलमोनाला मिळालेले वचन लोकांनी नम्र व्हावे, प्रार्थना करावी आणि वाईट मार्ग सोडावा, या अटीवर आहे. अट गाळून वचन म्हणणे म्हणजे देवाने न दिलेला शब्द त्याच्या तोंडी घालणे.

चौथा प्रश्न: ख्रिस्ताने हे सगळ्यांसाठी खुले केले आहे का? काही अभिवचने निःसंशय प्रत्येक विश्वासणाऱ्यासाठी आहेत. पाप कबूल केले तर क्षमा, बुद्धी मागितली तर बुद्धी, मोहात पडता निभावण्याची वाट, युगाच्या शेवटापर्यंत येशूची सोबत आणि मरणापलीकडचे जीवन. रेल्वे भरतीतली निवड, परदेशाचा व्हिसा, मुलगाच होणे किंवा जमिनीच्या दाव्याचा निकाल यांपैकी कशाचेही वचन शास्त्र देत नाही. त्यांसाठी मागावे जरूर, पण मागणे आणि वचन यांची गल्लत करू नये. जगात तुम्हांला क्लेश होतील, असेही येशूने शिष्यांना सांगितले आहे आणि तेही खरे ठरले. ती चिठ्ठी मात्र ३१ डिसेंबरच्या डबीत कुणी टाकत नाही.

दहा वर्षांची हमी संपल्यावर

मनमाडहून दौंडची गाडी धरली आणि दौंडला पुण्याच्या बाजूने वळले की केडगाव लागते. माणसाचे वचन आणि देवाचे वचन एकाच कामात शेजारी शेजारी कसे चालते, हे पाहायचे असेल तर पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची कथा वाचावी.

१८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी लहान वयातच दुष्काळ पाहिला. आईवडील आणि बहीण उपासमारीत गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले आणि कडेवर मनोरमा ही लहानगी मुलगी राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर अमेरिकेत गेल्यावर बोस्टन इथे १८८७ मध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. भारतातल्या विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे त्या मंडळींनी कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला हलले.

असोसिएशनने शब्द पाळला. पण शब्द दहा वर्षांचाच होता. रमाबाईंना ते पुरते ठाऊक होते, म्हणून मुदत संपण्याची वाट न पाहता त्यांनी केडगावला जमीन घेतली. फळझाडे लावावीत आणि त्या उत्पन्नावर पुढे संस्थेने तग धरावा, असा बेत होता. देव पुरवील असे म्हणणाऱ्या बाईने विहिरी खणल्या आणि रोपे लावली. श्रद्धा आणि नियोजन यांत विरोध आहे असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भीषण झाला. स्वतःच्या घरची उपासमार आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्या काळी मध्य प्रांतातून पुण्याकडे येणारी आगगाडी मनमाडवरूनच येई. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाले, तेव्हा या मुलींची सोय केडगावच्या उघड्या जमिनीवर करावी लागली. फळबागेसाठी घेतलेली ती जागा अशी मुक्ती सदनाची जागा झाली. १८९८ मध्ये दहा वर्षांचा करार संपला. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, नव्याने संघटना उभी राहिली आणि शारदा सदनाची मदत चालू राहिली. मुक्ती सदनाचा वाढता पसारा मात्र कुणाच्या लेखी हमीवर उभा नव्हता. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथे दीड हजारांहून अधिक माणसे राहत होती.

एवढ्यांना रोज जेवायला कोण घालणार? रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचल्याचे सांगितले आहे. म्युलर यांनी अनाथ मुलांसाठी पाच मोठी घरे बांधली आणि दहा हजारांवर मुलांना आसरा दिला. कुणाकडे वर्गणी मागायची नाही, गरज देवाला सांगायची, हा त्यांचा नेम. रमाबाईंनी त्यातून धीर घेतला. केडगावात प्रार्थना आणि कष्ट बरोबरीने चालत. शेती, गुरे, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल. देवाच्या वचनावर उभे राहणे केडगावात असे दिसत असे.

वाट पाहायची म्हणजे हात बांधून बसायचे का?

शास्त्रातले तीन प्रसंग इथे उपयोगी पडतात.

एलीयाला देवाने सांगितले की आपण पाऊस पाडणार. वचन हाती होते. तरी एलीया कर्मेल डोंगरावर गेला, गुडघ्यांत डोके घालून प्रार्थना करत बसला आणि समुद्राकडे पाहायला नोकराला त्याने सात वेळा पाठवले. सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसला. वचन मिळाले म्हणून प्रार्थना थांबली नाही; वचनामुळे ती सुरू झाली. पाण्यासाठी डोळे लावून बसणाऱ्या गावात हा अध्याय उन्हाळ्यात सामुदायिकपणे वाचावा आणि त्याच बैठकीत चर्चच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याची चर्चाही व्हावी.

हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. यशयाने येऊन देवाचा निरोप दिला: आणखी १५ वर्षे मिळतील. लगेच यशयाने अंजिरांचा लेप आणायला सांगितले. तो गळवावर लावला आणि राजा बरा झाला. बरे होण्याचे पक्के वचन असतानाही औषध केले गेले. साखर, रक्तदाब, क्षय किंवा मनाचे आजार यांवरच्या गोळ्या प्रार्थनेच्या नावाखाली बंद करणाऱ्या प्रत्येकाला हा उतारा दाखवावा. पौलानेही तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते आणि लूक तर वैद्यच होता.

तिसरा प्रसंग यिर्मयाचा. यरुशलेमेला वेढा पडला आहे, यिर्मया स्वतः कैदेत आहे आणि अशा वेळी तो अनाथोथमधले चुलतभावाचे शेत १७ शेकेल रुपे मोजून विकत घेतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर शिक्का मारतो, ते पुष्कळ काळ टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, या वचनावर त्याने रोख पैसे लावले. वाचकाने स्वतःला विचारावे: जे वचन मी धरले आहे, त्यावर विसंबून मी आज कोणते एक ठोस काम करतो आहे? क्षमेचे वचन धरणाऱ्याने ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला फोन करावा. बुद्धीचे वचन धरणाऱ्याने अभ्यासाला बसावे आणि जाणत्याचा सल्ला घ्यावा. देव गरजा पुरवील म्हणणाऱ्याने महिन्याचा जमाखर्च लिहावा.

एक वही ठेवावी

माणसाची आठवण कृतघ्न असते. मिळालेले पटकन विसरते, न मिळालेले उगाळत बसते. शमुवेलाने पलिष्ट्यांवरच्या विजयानंतर मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये एक दगड उभा करून त्याला एबन-एजर नाव दिले, ते इथवर मिळालेल्या साहाय्याची खूण राहावी म्हणून. म्युलर यांनी हेच कागदावर केले. मागितले काय, मिळाले काय, कधी आणि किती, यांच्या नोंदी ठेवल्या आणि दरवर्षी हिशेब छापून लोकांपुढे मांडला.

साधी शंभरपानी वही पुरते. डाव्या पानावर तारीख, वचनाचा संदर्भ आणि वरच्या चार प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरे. उजवे पान कोरे सोडावे. काही घडले की तारीख घालून तिथे लिहावे. अपेक्षेपेक्षा वेगळे घडले तर वेगळे म्हणूनच लिहावे, ओढूनताणून वचनात बसवू नये. तीन महिन्यांतून एकदा घरच्यांसोबत वही वाचावी. आजीआजोबांकडून त्यांच्या काळच्या गोष्टी ऐकून त्याही त्यात उतरवाव्यात. दुष्काळात, बदलीत, आजारपणात घर कसे निभावले, हे नातवंडांनी त्यांच्याच तोंडून ऐकावे.

न दिसलेल्या गोष्टींचे काय?

काही उजवी पाने कोरीच राहतील. बायबल ही गोष्ट लपवत नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांची नावे घेतो आणि त्यातले पुष्कळ जण वचनाची पूर्तता न पाहताच मेले, असे स्पष्ट सांगतो. पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवले; काटा राहिला, कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. ७७ व्या स्तोत्रात आसाफ तर सरळ विचारतो की देवाचे वचन कायमचे संपले की काय. ही तक्रार पवित्र शास्त्रातच ठेवली गेली, म्हणजे ती देवापुढे मांडायला मुभा आहे. ज्याच्या घरी मूल गेले, ज्याची नोकरी गेली, त्याला मंडळीतल्या कुणी ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे ऐकवू नये. त्याच्यापाशी बसावे, डबा न्यावा, कागदपत्रांची धावपळ करावी आणि तो म्हणेल तेव्हा हे स्तोत्र त्याच्याबरोबर वाचावे.

रमाबाईंच्या आयुष्यातही असे कोरे पान आहे. मुक्तीची धुरा जिच्या हाती जाणार होती ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये, आईच्या आधी गेली. त्या वेळी रमाबाई बायबलचे भाषांतर पुरे करत होत्या. शिकण्याची संधी न मिळालेल्या बायकांनाही कळेल अशा मराठीत, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, कित्येक वर्षे हे काम चालले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून आले १९२४ मध्ये. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचेही असेच. पती नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य अपुरे होते; राहिलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि १९३६ मध्ये त्याही गेल्या. आपल्या हयातीत फळ दिसलेच पाहिजे, असा हट्ट या मंडळींनी धरला नाही. हातातले काम त्यांनी पुढच्या हातात दिले.

आपलाही शब्द

देवाच्या विश्वासूपणावर बोलणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दाला किंमत नसेल, तर ऐकणाऱ्याने विश्वास कशावर ठेवावा? पंधराव्या स्तोत्रात देवाच्या मंडपात कोण राहील याची जी यादी आहे, तिच्यात नुकसान सोसूनही शपथ न मोडणारा माणूस येतो. गिबोनी लोकांनी फसवून करार करून घेतला, तरी यहोशवाने तो मोडला नाही. येशूने तर शपथेचीच गरज उडवून लावली: होय ते होय आणि नाही ते नाही असावे, एवढेच.

नाशिकच्या शरणपूरने अशा निष्ठेचे एक विलक्षण उदाहरण जगाला दिले आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडवलेली आफ्रिकी मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या तिथल्या वसाहतीत शिकत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधमोहिमेत सामील झाला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला. त्याचे सेवक सुसी आणि चुमा, वेनराइट आणि त्यांच्या सोबत्यांना तिथेच पांगता आले असते. त्यांच्यावर देखरेख करणारा कुणी उरला नव्हता. त्यांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले, वेनराइटने अंत्यविधीचा पाठ वाचला आणि मग देह खांद्यावर घेऊन ही माणसे आजारपण, वैर आणि उपास सोसत हजार मैलांहून लांबच्या किनाऱ्यावर पोहोचली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत लिव्हिंग्स्टनचे दफन झाले, तेव्हा वेनराइट तिथे हजर होता.

रोजच्या जगण्यात हे याहून पुष्कळ लहान असते. उसने घेतलेले पैसे ठरल्या तारखेला परत करणे, नाहीच जमले तर आधी जाऊन सांगणे. मुलाला कबूल केलेली सहल कामाचे निमित्त काढून न टाळणे. भाडेकरूला दिलेली डागडुजीची जबान पाळणे. ‘प्रार्थना करतो’ असे म्हटले तर खरोखर करणे. विसरण्याची सवय असेल तर तिथल्या तिथे दोन मिनिटे थांबून करणे. दुकानदाराने, शिक्षकाने, मंडळीच्या पंचाने वर्षाच्या सुरुवातीला स्वतः दिलेले शब्दही त्याच वहीत लिहावेत आणि डिसेंबरात ताडून पाहावेत.

ज्यांच्या घरात या वर्षाची वचनाची चिठ्ठी अजून कुठेतरी आहे, त्यांनी ती येत्या रविवारी शोधून काढावी. तिच्यावरचे वचन ज्या अध्यायात आहे, तो अध्याय घरातल्या सगळ्यांनी मिळून पूर्ण वाचावा, चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत आणि त्या वचनावर विसंबून येत्या आठवड्यात करायचे एक काम ठरवावे. वचन आपल्या प्रसंगाला लागू पडत नाही असे दिसले, तर न घाबरता दुसरे घ्यावे. शंका राहिली तर पाळकांना विचारावे आणि त्यांचे उत्तरही शास्त्र उघडून तपासावे.